गेनूतात्यांची तिरकी वाट

विंझर, मंगळवार, ७ मे १९३५

नऊ सुटली. दहावं हटून बसलंय.

पुण्याच्या कॉलेजातल्या सरांचे सुट्टीला निघतानाचे शब्द: दहाही उदाहरणं पंधरा तारखेच्या आत टपालानं धाडील तो गणित ऑनर्सच्या वर्गात. मदत कुणाचीही घ्यायची नाही. नाहीतर इतिहास आहेच. इतिहास वाईट नाही, पण सनावळ्या माझ्या डोक्यात टिकत नाहीत आणि कॅल्क्युलस डोक्यातून जात नाही. काय करणार!

उ. १०. होडीतला माणूस किनाऱ्यापासून तीन मैल आत. तासाला चार मैल वल्हवतो, पाच मैल चालतो. त्याच्या नेमक्या समोरच्या जागेपासून दहा मैलांवर, किनाऱ्यालगतच, एक गाव. लवकरात लवकर पोचायला होडी कुठं लावावी? दिसायला गरीब, पण तीन दिवस झाले.

बुधवार, ८ मे

गाढव. शुद्ध गाढव. होडी म्हटल्यावर मी प्रवाह धरला! आजवर पाहिली ती एकच नाव, पावसाळ्यातली नीरा नदीवरची. नावाडी वरच्या अंगाला नेम धरतो आणि खाली लागतो. पुस्तकातली होडी समुद्रात आहे, तिथं कसला प्रवाह? एकटाच हसत बसलो. आईला वाटलं ऊन लागलं, कांदा फोडून हातात दिला.

प्रवाह काढला, डिफरन्शिएट केलं, शून्याबरोबर मांडलं. समोरच्या जागेपासून चार मैलांवर लावावी. कसलं देखणं उत्तर! पण...

संध्याकाळी परत पाहिलं. दहा मैल कुठं गेले? समीकरणात राहिलेच नाहीत. दहाचे वीस केले, तरी चार. आणि पोटप्रश्न असा, की गाव तीनच मैलांवर असेल तर? तरीही चार! म्हणजे गडी गाव ओलांडून मैलभर पुढं जाणार आणि मागं येणार. कुठंतरी नक्की चुकलंय.

गुरुवार, ९ मे

दादा सकाळपासून तापलेले. सडकेकडचं वावर नांगरून आठ दिवस झाले नाहीत तोच गेनूतात्यांची वाट पुन्हा उमटली. गे. तात्या नसरापूरहून वेल्ह्याला टपालाची थैली पायी नेतात. डोंगराकडून बोरीच्या झाडापाशी आमच्या वावरात शिरतात आणि ढेकळं तुडवत सडकेला लागतात. दादा म्हणाले, दर साल नांगरून मोडतो आणि दर साल ती तिथंच उठते, तेवढीच तिरकी.

तेवढीच तिरकी!

भाकरी टाकून पळालो. ढेकळं म्हणजे समुद्र, सडक म्हणजे किनारा. कासरा घेऊन वाट मोजली. जिथं ती सडकेला मिळते तिथून बोरीसमोरच्या जागेपर्यंतही मोजलं. शेजारच्या वावरातून दोघे बघत होते. बघोत. कासऱ्यानं तिरकेपणा कळला, कारण नाही.

शनिवार, ११ मे

काल तात्या थांबले नाहीत. आज आंब्याखाली पाणी प्यायला टेकले तेव्हा गाठलं. विचारलं, नाकासमोर सडकेला का लागत नाही? म्हणाले, मग वाट लांबते. आणि थेट वेल्ह्याच्या रोखानं का नाही? तर ढेकळांत पाय मोडतात. मधलं धरायचं, पायाला कळतं.

"आणि वेल्ह्याच्या पुढं जायचं असतं तर?"

"पार कोकणात जायाचं आसलं तरी ढेकळांतनं तेवढंच तिरकं. म्होरलं समदं सडकंवर. त्याचा हितं काय संबंध?"

दहा मैल हरवले नव्हते! चौथ्या मैलापुढचं सगळं चालणंच, गाव दहावर असो की वीसवर, वळायची जागा हलत नाही. माझं उत्तर बरोबर होतं आणि मीच त्याच्यावर अविश्वास धरला होता.

मग पोटप्रश्न. म्हटलं, शाळेत टपाल द्यायचं असलं तर? शाळा सडकेच्या काठाला, वाट मिळते त्याच्या अलीकडं.

"तवा सडक कशाला? ढेकळांतनं नीट शाळंच्या दारात. तुजं गनित काय म्होरं जाऊन माघारी येतंया?"

येतं म्हणालो.

"मग त्याला घरी ठिव," म्हणाले आणि थैली उचलून चालू लागले.

रविवार, १२ मे

सुटलं! तीन मैलांपर्यंत उतार शून्य होतच नाही, वेळ शेवटपर्यंत कमीच होत जातो. म्हणून कमीत कमी वेळ अगदी कडेला, गावातच. आम्ही शून्याला नमस्कार करून मोकळे होतो, कडेकडं बघतो कोण? चार वेळा ताळा घेतला. इतका आनंद मॅट्रिकच्या निकालालाही झाला नव्हता.

मग सरांची अट आठवली. ही मदतच की. दादांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यास्नी आकडाबी वळखाया येत न्हाई. त्यांनी काय तुजी वही लिवली? गप धाडून दे." खरं आहे. पण मला ते दोन्ही त्यांनीच दाखवलं, हेही खरं आहे. दुपारभर कशात लक्ष नाही.

सोमवार, १३ मे

उजळ प्रत झाली. अक्षर बरं आलंय. खाली एक ओळ जादा: "उ. १० मधल्या दोन्ही अडचणी मला आमच्याकडचे टपालवाले गेनूतात्या यांच्यामुळं उलगडल्या, आकडेमोड माझी." ऑनर्स गेलं तर या ओळीनं जाईल, हे काय मला कळत नाही?

तात्या परतीला निघालेले. लखोटा दिला आणि आत काय लिहिलंय तेही सांगून टाकलं. त्यांनी तो उलटून पालटून पाहिला.

"म्हंजी माजं नाव पुन्याला चाललंय, आन न्हेयाचंबी म्याच."

ऑनर्सचं सांगितलं नाही. ते इतके खुशीत होते की सांगवेना. लखोटा थैलीत सगळ्यांच्या वर ठेवला आणि सडक सोडून ढेकळांत उतरले. उद्या किंवा परवा सरांच्या हातात पडेल. सर आधी गणित वाचतील की आधी ती ओळ?