करवत कोरडी ठेवा

१२ मार्च, दुपार

प्रिय बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे ते खरं लिहा, ‘बरा आहे’ म्हणून माझी बोळवण करू नका. इकडे मी ठीक. खोलीची खिडकी अजून अडकते. तुम्ही असता तर दोन मिनिटांत रंधा मारून मोकळे झाला असता. आईला सांगा, मी वेळेवर जेवते.

भुसा मिळाल्याचं कळवायला उशीर झाला. पाच पिशव्या, प्रत्येकीवर तुमच्या पेन्सिलीने लाकडाची जात. प्रयोगशाळेत आम्ही तो द्रावकात उकळतो, अर्क उतरवतो आणि त्यात काय काय आहे ते यंत्रावर तपासतो. इंधनासाठी कोणतं लाकूड कामाचं, ते त्यावरून ठरतं. तुमच्या पाचही लाकडांत इतकं तेल निघालं की साहेब हरखून गेले. अहवाल वर गेलासुद्धा, पहिलं नाव माझं.

परवा मी वाळलेल्या अर्काची बाटली उघडली आणि वास घेतला. बाबा, तो तुमच्या दुकानाचा वास होता. कापायच्या आधी तुम्ही करवतीवर जवसाच्या तेलाचा बोळा फिरवता. जन्मभर बघत आले, आणि भुसा मागवताना ‘करवत कोरडी ठेवा’ एवढे तीन शब्द लिहायचे विसरले. ते तेल लाकडाचं नव्हतंच.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते. साहेबांना सांगायला गेले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “सुताराने घोळ घातलाय.” मी ‘सुतार’ म्हणाले. ‘माझे वडील’ म्हणाले नाही.

“मग तसं लेखी द्या आणि सुतार बदला,” साहेब म्हणाले. मी मान डोलावली. तेव्हापासून घास उतरत नाही. वर आईसाठी लिहिलंय ते खोटं आहे.

उद्या बैठक आहे. सगळ्यांसमोर सांगणार आहे, की चूक माझी, नमुने माझ्या वडिलांचे, आणि त्यांच्याइतकी लाकडाची पारख या इमारतीत कुणाला नाही. अहवाल मागे घेणार. काम काढून घेतलं तर घेऊ देत, पुन्हा बाटल्या धुण्यापासून सुरुवात करीन. पण तुमच्या नावावर ही चूक चढू देणार नाही.

तुम्हाला राग येईल, वाईटही वाटेल. मला लाज वाटते. तरी रविवारी मी येते. करवत मी पुसून कोरडी करीन, पाचही लाकडं तुम्ही पुन्हा कापा. जात तुम्हीच लिहा. पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव या वेळी मी लिहीन, पेनाने.

तुमची,
सुताराची मुलगी