माकडशिंगाला फुलं आली

सुविधा,

तू आज खासबागच्या माहेराहून उरलेले कपडे न्यायला येणार, आणि नेमकं मला आप्पांना घेऊन बेळगावला डॉक्टरांकडं जावं लागतंय. घाबरू नकोस, बातमी चांगली आहे.

पडवीतलं माझं माकडशिंग, ते बिनपानांचं, चौकोनी दांड्यांचं, काल फुललं. काळपट जांभळा गेंद, आणि वास कुजलेल्या मांसाचा. या जातीतल्या बऱ्याच झाडांचं परागण माश्या करतात, म्हणून वास तसला. सकाळी कुंडी मागं न्यायला उचलली, तर आप्पा खाटेवरनं ओरडले, "काय मेलंय रं हितं? लई घाण मारतंय!"

गाडीवरनं पडून डोक्याला मार लागल्यापासनं त्यांना कसलाच वास येत नव्हता, सुविधा! मी कुंडी त्यांच्या नाकाजवळ नेली. "सर बाजूला," म्हणत त्यांनी कुंडी स्वतःच्या हातात घेऊन दोनदा हुंगलं आणि रडायलाच लागले.

मग हळूच म्हणाले, "पोरीच्या हाताला चव न्हाय म्हणालतो मी. चव माझ्याच तोंडाला नव्हती. सांग तिला. न्हाय, मीच सांगतो. तिला थांबायला लाव."

म्हणून थांब. दुपारी येतोच आम्ही. खिडक्या उघडून ठेव, घरभर वास आहे.

येताना आप्पा बांगडे घेणार आहेत. तू गॅस पेटवू नकोस. आज ते रांधणार, आणि त्यांच्या हाताला चव आहे का, ते तू सांगायचं.

भीमरत्न