तीस मीटरांचा प्रवास

झ्व्योज्दनी, ३ एप्रिल

चि. तीखोन यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मालवाहू यानाला तुमचं दार हवं आहे, म्हणून गुरुवारी तुम्ही तिघं आपलं यान अंतराळ स्थानकापासून सोडवणार आणि तीस मीटरांवरच्या दुसऱ्या दाराला नेऊन जोडणार, एवढं समजलं. मी पस्तीस वर्षं तांत्रिक रेखाटन शिकवलं आहे. आकृती पाठवायची गरज नव्हती. शिवाय बाण उलटा काढला आहेस.

यान हाताने चालवायचं, आणि जोडलं गेलं नाही तर सहा महिन्यांची मोहीम दोन महिन्यांतच गुंडाळून थेट कझाकस्तानच्या माळावर उतरायचं, हेही समजलं. तसं होता कामा नये. या मोहिमेसाठी अकरा वर्षं रांगेत थांबला आहेस. खालच्या मजल्यावरची झिनाइदा सांगत फिरते की तिच्या जावयाने हेच काम सत्तावीस मिनिटांत केलं. मी विचारलं, उरलेले पाच महिने त्याने काय केलं.

प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मिनिटभर गप्प बसा. यानात पट्टे आवळून बसता, ते धरायचं नाही. जे घर सोडायचं, त्याच घरात बसायचं. मध्ये बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या वडिलांनी एकदाच कंटाळा केला; ते ओम्स्कला पोचले आणि त्यांची पेटी टॉम्स्कला. ग्लेबला आणि त्या अमेरिकी डॉक्टरीणबाईंनाही बसव.

माझी माया आहेच, तिची काळजी नको. कामाची कर.
आई

स्थानक, ६ एप्रिल

ती. आईस शि. सा. न.

झिनाइदाकाकूंकडून कळण्याआधी मीच लिहितो.

घर कायमचं सोडावं तसं सगळं आवरलं, दिवे मालवले आणि अंतराळपोशाखात दारापाशी जमलो. इथे खुर्च्या नाहीत. पाय पट्ट्यात अडकवून, गुडघे मुडपून तिघंही अधांतरी उकिडवे झालो. डॉक्टर मॅरियनने विचारलं की इथे माणूस बसलाय हे ओळखायचं कसं. ग्लेब म्हणाला, चेहऱ्यावरून. मग मी दोघांना गप्प केलं.

नेमकी तेव्हाच नियंत्रण केंद्राची हाक आली. बोललो असतो तर मिनिट पुन्हा पहिल्यापासून, म्हणून मी कॅमेऱ्याला ‘थांबा’ म्हणून नुसतं बोट दाखवलं. त्यांना वाटलं, आमचं बोलणंच बंद पडलंय. चार वेळा हाका मारल्या. आमचं मिनिट संपेपर्यंत स्थानक त्यांच्या टप्प्याबाहेर गेलं होतं. त्यांच्या परवानगीशिवाय सुटता येत नाही. दीड तास, म्हणजे पृथ्वीभोवती आख्खी एक फेरी, थांबलो. परवानगी मिळाल्यावर यानात शिरून तपासण्या पुन्हा पहिल्यापासून केल्या; तोवर सूर्य मावळला आणि उजेडात करायचं काम अंधारात आलं.

समोर फक्त दिव्याचा गोल आणि दारावरची खूण. चार मीटरांवर यान डावीकडे सरकलं, मी मागे घेतलं. आता इंधन एकाच प्रयत्नापुरतं होतं. थेट पृथ्वीवर उतरायचं झाल्यास काय काय करायचं, ती पानं ग्लेबने काढली. मॅरियनने फार अदबीने विचारलं की पुन्हा एकदा बसून बघायचं का. मी इंचाइंचाने पुढे सरकलो आणि कड्या लागल्या. आकडा सांगत नाही, सत्तावीसच्या वर आहे.

नंतर केंद्रप्रमुखांनी विचारलं की या मिनिटाला मंजुरी कुणी दिली. मी कालेरिया स्तेपानोव्हना असं पूर्ण नाव सांगितलं. मग त्यांनी हळूच विचारलं, रेखाटनाच्या बाई का म्हणून.

मॅरियनचा तुला नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा तीखोन

झ्व्योज्दनी, ८ एप्रिल

चि. तीखोन यास अ. आ.

तुझ्या केंद्रप्रमुखाचा फोन आला होता. मी त्याला सांगितलं की ते मिनिट वेळापत्रकात लिही आणि तेवढ्यात हाका मारू नकोस. हो म्हणाला. वर्गातही उशिरानेच समजायचं त्याला.

त्या दिवशी मी नियंत्रण केंद्राच्या प्रेक्षक सज्जात होते. तू मागे फिरलास तेव्हा झिनाइदाने माझा हात धरला. मी धरू दिला. यावर चर्चा नको.

एक घरची गोष्ट. बुधवारी मी पिठाच्या पारीत खिमा भरून पेल्मेनी वळून ठेवले, तीनशे. माझा तुझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. पण तिघं उपाशी उतरला असतात तर ऐनवेळी वळणार कोण? बर्फाच्या कप्प्यात ते चार महिने टिकतात, दुकानात विचारून आले. पाचवा महिना लावू नकोस.

लोभ होता तेवढाच आहे.
आई