लादीच्या पोटातला खडा

आबा, परवा हिमालयात मी तुमची गोष्ट मोठ्यानं सांगितली. कॉलेजच्या मुलांना हिमनदी दाखवायला नेलं होतं. तिथल्या एका खडकावर सरळ, एकाच दिशेचे ओरखडे होते आणि मला थेट तुमच्या बर्फाच्या कारखान्यातली शहाबादी फरशी आठवली.

कोल्हापुरात तेव्हा फ्रीज मोजक्याच घरांत. मी नववीत, तुमचा डबा घेऊन आलेय. जयसिंगपूरच्या लग्नासाठी तुम्ही बर्फाची लादी ओढत बाहेर आणताय आणि मॅनेजर डाफरतोय, की लादी ओढायच्या तुमच्या लोखंडी आकड्यानं नव्या फरशीवर ओरखडे पडले. "आकड्यानं न्हाय साहेब, बर्फानं," तुम्ही म्हणता. तो हसतो, "बर्फ दगुड कापतोय व्हय?" तुम्ही एका दमात लादी उलथी करता. तिच्या पोटात हरभऱ्याएवढा खडा रुतून बसलेला. "कापतोय ह्यो खडा. बर्फ नुसता वर बसून दाबतोय की!" मॅनेजर वाकून खडा चाचपून बघतो. तुम्ही मात्र शांतपणे जेवायला बसलात. जेवून उठल्यावर मला पोत्याच्या तळाचा बर्फाचा चुरा दाखवलात, वरच्या वजनानं पुन्हा दगड झालेला. हिमनदी तरी याहून वेगळं काय करते? वर्षानुवर्षं हिम साचतं, वरच्या भारानं खालचं घट्ट होऊन त्याचा बर्फ होतो, मग तो आपल्याच वजनानं उतारावर सरकतो, पोटात खडे धरून डोंगर घासतो, दऱ्या रुंद करतो. सातवी नापास माणसानं हे ओळखलं होतं, याचा मला आजही माज आहे.

पुढं महिन्याभरात भूगोलाच्या बाईंनी वर्गात विचारलं, बर्फ खडक कसा कापतो? उत्तर मी एकटीनं दिलं. घरी सांगितलं तेव्हा तुम्ही हातातली भाकरी खाली ठेवलीत. "कुणी शिकिवलं, आसं इचारलं न्हाय बाईंनी?" मी म्हणाले, "नाही." तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा जेवू लागलात.

परवा त्या खडकाशी उभी राहून मी मुलांना म्हणाले, "हे मला बर्फाच्या लाद्या ओढणाऱ्या माझ्या वडिलांनी शिकवलं." एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचे बाबा भारीच की!"

हे पत्र वहीतच राहील, टाकणार तरी कुठल्या पत्त्यावर? पण एक सांगायचं राहिलंय. कुणी शिकवलं, हे बाईंनी विचारलं होतं, आबा. पोरी हसतील म्हणून मी सांगितलं, पुस्तकात वाचलं.