दातांच्या पिक्चरचा शेवट

२ तारीख, रविवार. संध्याकाळ.
आजपासून साडू माझा शत्रू. सोसायटीच्या हॉलमध्ये त्याचा फिल्म क्लब. त्याने भर सभेत सांगितलं, आमचे साडूबुवा थ्रिलर कानांनी बघतात. सगळे हसले. माझी लेक सगळ्यांत जास्त हसली, तीही त्याच्याच शेजारी बसून. पोटची पोर फितवली त्याने. याचं नाक कापल्याशिवाय राहणार नाही.
वास्तविक मी डोळे मिटले होते ते एडिटिंगचा ऱ्हिदम पकडायला.

४ तारीख, मंगळवार.
प्लॅन ठरला. येत्या रविवारी तो एका डेंटिस्टचा कल्ट पिक्चर दाखवणार आहे. बायका गायब होतात, बरण्यांत दात सापडतात. 'शेवट बघून हादराल' असं लिफ्टमध्ये चिकटवलंय. आपण आधी बघायचा आणि शेवट गावभर करायचा. मग हादरव म्हणावं कोणाला हादरवतोस ते.

५ तारीख, बुधवार. सकाळी ११. दुकानाला सुट्टी.
पिक्चर बघितला. मत: उगाच नावाजलेला. दात खोटे वाटतात. पहिल्या बरणीलाच उशी छातीशी घेतली, पाठीला बरं पडतं म्हणून. शेवटची पंधरा मिनिटं गॅस बंद आहे का ते बघायला गेलो. बंद होता. पुन्हा खात्री केली. स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं. शेवटी रिसेप्शनिस्ट किंचाळली, म्हणजे पकडली गेली. खुनी तीच. दर्दी माणसाला एवढं पुरतं.

७ तारीख, शुक्रवार.
आपला धंदा नजर तपासायचा. गिऱ्हाइकाने मशीनवर हनुवटी टेकवली की ते जागचं हलत नाही. क्लबचे मेंबर एकेक करून फुकट तपासणीला बोलावले. आतल्या फुग्याकडे बघा, पापणी हलवू नका, खुनी रिसेप्शनिस्ट आहे. दोन दिवसांत अकरा जण. सोसायटीचे सेक्रेटरी जाम चिडले. छान वाटलं.

९ तारीख, रविवार. सकाळ.
लेकीलाही सांगून टाकलं. चिडेल असं वाटलं होतं. थँक्यू म्हणाली.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
रिसेप्शनिस्टचा गळा दाबला तेव्हा अख्खा हॉल उठून उभा राहिला म्हणे. खुनी डेंटिस्टची आई. मी त्या वेळी बाहेर जास्तीच्या खुर्च्या मोजत होतो. साडूने माइकवरून माझे आभार मानले. असा धक्का क्लबच्या इतिहासात बसला नव्हता, त्याचं श्रेय साडूबुवांच्या पूर्वतयारीला. टाळ्या. सेक्रेटरींनी मिठी मारली. यापुढे प्रत्येक पिक्चरआधी चुकीचा शेवट मीच सांगायचा, असा ठरावही झाला. बायको म्हणाली, हात दाखवून अवलक्षण.
साडूला सोडणार नाही.

१० तारीख, सोमवार.
लेकीने खुनी मध्यंतरालाच ओळखला होता, असं बायकोकडून कळलं. कसा, म्हणून तिला विचारलं.
"बाबा, संशय दोघींवरच होता. तू रिसेप्शनिस्ट म्हणालास. म्हणजे आई."
तिने पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "पुढच्या वेळी माझ्या शेजारी बस. डोळे कधी उघडायचे ते मी सांगेन."
बरं म्हणालो. बदल्याचं नंतर बघू.