बाण दाबून धरल्यावर

देवपूर, धुळे
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय ललित,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला नवा मोबाइल पोचला. अजून खोक्यातच आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. डाव्या कानात सारखं घुमतं, फोनवरचं बोलणं नीट कळत नाही, म्हणून लिहिते.

सुनंदामावशी बरी आहे. गुडघे दुखतात तरी पांझरेच्या पुलावरून चालत बाजारात जाते आणि वांग्यांसाठी भाजीवालीशी भांडून येते. काल भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. तुझी आठवण काढली तिने.

कानाचा पडदा फाटला आहे. भरून येईल कदाचित, असं डॉक्टर म्हणाल्या. केळीच्या बागेत पाय घसरून पडले, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी तेच पुन्हा एकदा विचारलं.

तू रूपालीला फोन केलास, हे मला तिच्या आईकडून कळलं. शेजारीण म्हणून घरात शिरलीस आणि अक्काच्या नवऱ्याजवळ, कुंदनजवळ, चुगली केलीस, असं तू तिला बोललास. ललित, त्या दिवशी मला रिक्षात घालून स्टँडवर नेणारी, धुळ्यापर्यंत बसमध्ये माझ्या कानाला ओढणी धरून बसणारी तीच होती. आता ती घराबाहेर पडत नाही. म्हणून हे लिहायलाच हवं. ‘अक्का, त्याला कळलं कसं?’ असं तू विचारलंस, तेव्हा कुणीतरी सांगितलं असेल, असं मी म्हणाले. कुणीही सांगितलं नव्हतं.

भाऊबीजेला तू सावद्याला माझ्या घरी आलास. ओट्यावर बसून तुमच्या कंपनीचा मराठी ब्राउझर माझ्या मोबाइलमध्ये टाकलास. वर्षभर तू त्याची बटणं करत होतास. बाण किती जाड असावा, बाईमाणसाचा अंगठा कुठवर पोचतो, हे तू इतक्या आनंदाने सांगत होतास की मी फराळाचं ताट हातात धरून तशीच उभी राहिले. मग मला समोर बसवून विचारलंस, “अक्का, हा बाण दाबला की काय होईल?”

मी म्हटलं, “मागचं पान येईल.”

“आणि आत्ता होतं ते?”

“ते गेलं की. मिटलं.”

तू हसलास आणि लिहून घेतलंस. मी विचारलं, चुकलं का माझं? तू म्हणालास, “आम्ही बरोबर-चूक सांगत नाही, अक्का. माणसाला काय वाटतं तेवढं टिपून घ्यायचं असतं.” मग मी चहा टाकायला आत गेले. त्यानंतर ओट्यावर काय झालं, ते मला खूप पुढे कळलं.

मी दुपारी, कुंदन केळीच्या गाड्या भरायला गेला की, मोबाइल घेऊन बसायचे. धुळ्यातल्या नर्सिंगच्या प्रवेशाचं वाचायचे. बायकांच्या वसतिगृहाचे पत्ते बघायचे. नवऱ्याने हात उचलला तर कुठे जायचं, तेही वाचलं. झालं की तो बाण दाबत दाबत पहिल्या पानावर यायचे. मिटलं, असं वाटायचं.

संक्रांतीनंतर एके दिवशी तो लवकर घरी आला. मोबाइल माझ्या हातातून घेतला, बाण दाबला आणि अंगठा तसाच ठेवला. मी वाचलेल्या पुढच्या-मागच्या सगळ्या पानांची नावं एकाखाली एक उभी राहिली, मोठ्या, स्वच्छ मराठी अक्षरात. त्याने एकेक नाव मोठ्याने वाचलं. तुझी भाची वृषाली पाटावर बसून जेवत होती.

मी म्हटलं, “हे तुम्हाला कुणी दाखवलं?”

तो म्हणाला, “तुझ्याच भावानं. तू चहा करत होतीस ना तेव्हा. मोठ्या कौतुकानं दाखवलं त्यानं.”

मग कानावर मारलं.

हे पहिल्यांदा नव्हतं, ललित. तू भाऊबीजेला आलास तेव्हाही माझ्या दंडावर वळ होते, म्हणून मी लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं. तू म्हणालास, अक्का, छान दिसतंय.

गेल्या आठवड्यात मी आणि मावशी वृषालीला आणायला गेलो. कुंदनने दार उघडलं नाही. ती खिडकीत आली. मी हात पुढे केला तर म्हणाली, “तुझ्याशी बोलायचं नाही, पप्पांनी सांगितलंय.” आणि तिनेच खिडकी लावून घेतली. सहा वर्षांची पोर. वकीलबाईंनी तिच्या ताब्यासाठी अर्ज केला आहे, पण वेळ लागेल म्हणतात. शाळेत ती डबा न खाता परत नेते, असं तिच्या बाईंकडून कळलं.

ते बटण काढून टाक, असं मी म्हणत नाही. माणसांना मागचं पुन्हा लागत असेल, तुला जास्त समजतं. पण यापुढे समोर बसलेली एखादी बाई ‘मिटलं’ म्हणाली, तर नुसतं टिपून घेऊ नकोस. तिला सांग, बाई गं, मिटलेलं नाही. मोबाइल कुणाच्याही हातात गेला तरी दिसेल. तुमच्या नियमात बसत नसलं तरी सांग.

आणि रूपालीला फोन कर. माझं नाव न घेता, स्वतःच्या तोंडाने माफी माग.

तुझ्यावर राग नाही, असं शेवटी लिहायचं ठरवून मी बसले होते. मावशीही म्हणाली, “लिखी टाक ना, पोऱ्याले बरं वाटी.” पण आज ते खरं नाही. खरं होईल तेव्हा मीच कळवीन. तोवर इकडे येऊ नकोस.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
अक्का