दहापैकी किती

१२ डिसेंबर, गुरुवार
‘जोडीदाराबाबत तुम्ही दहापैकी किती समाधानी?’ — अर्पिताच्या फॉर्मातला प्रश्न सोळावा. ही यवतमाळची पोरगी, पीएच.डी.साठी मारेगावात खोली घेऊन राहिली आहे. तिला घरं दाखवायची आणि पेपरात बातमी द्यायची, हे माझं काम. मी संस्कृतात एम.ए. करून शेवटी सुखाची मोजणी!

१४ डिसेंबर
तांड्यावर गेलो. नियम असा — नवरा-बायकोनं वेगवेगळं बसून उत्तर द्यायचं. देवसिंगभाऊ बाजेवरून हलेचनात. “तिले काय समजते? लिहा, आम्ही दोघंबी खुश आहो. दहा!” खरं द्विवचन — माणसं दोन, तोंड एक. त्यांची बायको नंदाबाई शेजारीच बसलेली. तेवढ्यात बैल सुटला, भाऊ धावले. नंदाबाई म्हणाली, “बाई, जल्दी लिहा — तीन. अन् पान पलटून ठेवा.”
परत येताना आम्ही दोघी खूप हसलो.

१५ डिसेंबर, रविवार
आम्हा नवरा-बायकोचेही फॉर्म भरले. हे ओसरीवर, मी स्वयंपाकघरात. पण पाकीट एकच, तेही उघडं. यांचे दहा! एवढे गुण मला विद्यापीठानंही दिले नाहीत. माझे आठ — हे वाचणार, ठाऊक होतं. वाचलेच. “दोन कायले कापले?”
“घोरता म्हणून.”
हसले. विषय संपला.

१७ डिसेंबर, मंगळवार
बातमी लिहायला घेतली. आतापर्यंतच्या चाळीस घरांत पुरुष तृप्त, बायका बेताच्या. मथळा आयताच मिळाला.
दुपारी हे पंपाचा वायसर आणतो म्हणून गेले. रिकाम्या हातानं आले.
माझी छापलेली बातमी हे कधी वाचत नाहीत. त्याच कागदावर भज्यांचं तेल टिपतात. पंचवीस वर्षांत एकदाही विचारलं नाही — आज काय लिहिलंस?
खरं सांगायला नंदाबाईचा बैल तरी सुटावा लागला. मला कोणी अडवलं होतं?

१८ डिसेंबर
अर्पिताकडून फॉर्म परत मागितला. आठ खोडून चार केले. तेही शाईनं — नोंद असावी! पाकिटातून फक्त माझाच कागद काढून देताना तिनं माझ्याकडे पाहिलं.
आता यांना सांगायला हवं. ते सोळाव्या प्रश्नापेक्षा अवघड.

१९ डिसेंबर
नाही सांगितलं. भाजी खारट झाली.

२० डिसेंबर, शुक्रवार
जेवताना सांगून टाकलं — आठाचे चार केले. हे भाकरी मोडता मोडता थांबले.
“मी मंगळवारीच गेलतो तिच्याकडे. दहाचे तीन केले.”
चाळीस घरांत विचारून झालं होतं. या घरात आज पहिल्यांदा एकमेकांना खरं कारण विचारलं — काहून?